पैज ट्रॅक्टरची, हाडे आपली



गाळप हंगाम सुरू झाला की राहुरी परिसरातल्या दवाखान्यांतली गर्दी बदलते. पाचटाने चिरलेले हात, कोयत्याचे घाव, थंडीने बसलेले घसे आणि रात्र-रात्र ट्रॅक्टर चालवून ताठरलेल्या पाठी घेऊन लोक येऊ लागतात. अशाच एका हंगामात, जानेवारीतल्या एका सकाळी, चोविसेक वर्षांचा एक तरुण माझ्या दवाखान्यात आला. स्वतःच्या पायांनी चालत आला, बाकावर बसला, नंबर लागल्यावर आत आला. बरोबर चुलता होता.

"काही नाही डॉक्टर, मुका मार आहे," चुलता म्हणाला. "एक इंजेक्शन द्या अन् गोळ्या लिहून द्या. आज त्याच्या दोन खेपा व्हायच्यात."

मार कशाने लागला असे विचारले, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग हळूहळू हकिगत बाहेर आली. आदल्या दिवशी संध्याकाळी वावरात पैज लागली होती. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओल्या रानातून एका दमात कोणाचा ट्रॅक्टर बाहेर काढतो, अशी ती पैज. पुढची चाके उचलू नयेत म्हणून दोघे-तिघे बोनेटवर आणि पुढच्या बंपरवर बसले होते. हा त्यातलाच एक. ट्रॅक्टरने तोंड वर केले, पुन्हा खाली आपटले, आणि हा बांधावर फेकला गेला. बांधावरचा दगड डाव्या बरगड्यांखाली लागला. रात्री पोट थोडे दुखले. सकाळी मात्र त्याची तक्रार वेगळीच होती. डावा खांदा दुखत होता आणि खांद्याला बाम चोळून तो आला होता.

बाहेर तीस-पस्तीस पेशंट ताटकळत होते. खरे सांगतो, खांदा हलवून पाहिला, हाड शाबूत वाटले, आणि इंजेक्शनची सिरिंज मी हातात घेतलीही होती. पण खांद्यावर ओरखडा नाही, सूज नाही, हात चारी बाजूंनी फिरतो, मग दुखते कशाने? म्हणून नाडी धरली. ती १२० च्या पुढे धावत होती. रक्तदाब जेमतेम ९०. पोटाला हात लावला तर पोट फळीसारखे ताठ.

पोटात डाव्या बरगड्यांच्या आड प्लीहा नावाचा अवयव असतो. आपल्याकडे जुनी माणसे तिला पाणथरी म्हणतात. ती रक्ताने भरलेली आणि नाजूक असते. बाहेर कातडीवर खूण नसतानाही आत ती फाटू शकते. फाटल्यावर रक्त पोटात साठते आणि छाती व पोट यांच्यामधल्या पडद्याला लागते. त्या पडद्याची नस आणि खांद्याची नस मानेत एकाच ठिकाणाहून निघतात. त्यामुळे दुखणे पोटात असते आणि मेंदूला ते खांद्यात भासते.

त्याला सलाइन लावून तातडीने नगरला पाठवले. संध्याकाळपर्यंत शस्त्रक्रिया झाली. पोटात दीड लिटरच्या वर रक्त साठलेले होते. प्लीहा काढावी लागली, पण पोरगा वाचला. त्या दिवशी तो खेपा करायला गेला असता तर स्टिअरिंगवरच बेशुद्ध झाला असता, आणि मागे उसाच्या दोन ट्रॉल्या असत्या.

हे सगळे सविस्तर सांगण्याचे कारण असे की ट्रॅक्टरच्या ओढीच्या पैजांचे वेड आपल्या तरुणांत वाढते आहे. मोबाइलवर रोज नवी चित्रफीत येते. पुढची चाके हवेत, धुराचा काळा लोट, भोवती शिट्ट्या. पाहायला मौज वाटते. पण या मौजेची शरीराला काय किंमत पडते, हे चित्रफितीत दिसत नाही. ते डॉक्टरला दिसते. म्हणून आजचा हा विषय.

हा खेळ आला कोठून?

जनावराची ताकद अजमावून पाहण्याची हौस शेतकऱ्याला सगळ्या जगात आहे. आपल्याकडे बैलगाडा शर्यती आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना पुन्हा सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला, हे वाचकांना आठवत असेल. अमेरिकेतले शेतकरी घोड्यांकडून ओझे ओढवून घेत आणि पैजा लावत. घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, तशा पैजाही ट्रॅक्टरच्या झाल्या. १९२९ मध्ये मिसुरी आणि ओहायो या राज्यांत अशा स्पर्धा झाल्याची नोंद आहे. १९६९ मध्ये तिथल्या स्पर्धकांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना काढली आणि नियम एकसारखे केले.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ट्रॅक्टरला मागे एक लांब, घसरत जाणारा गाडा जोडतात. गाड्यावर वजनाची मोठी पेटी असते. ट्रॅक्टर पुढे जाऊ लागला की ही पेटी गाड्याच्या मागच्या टोकाकडून ट्रॅक्टरच्या दिशेने सरकते. जसजसे अंतर कापले जाते, तसतसा गाडा जमिनीत अधिक दाबला जातो आणि ओढ वाढत जाते. साधारण तीनशे फुटांची धाव असते. जो सर्वांत लांब ओढतो तो जिंकतो. ही पेटी निघण्यापूर्वी एक जुनी रीत होती. वाटेत ठरावीक अंतरावर माणसे उभी असत आणि गाडा जवळ आला की एकेक जण त्यावर चढून वजन वाढवीत असे. माणसाला वजन म्हणून वापरणे धोक्याचे आहे, हे लक्षात आल्यावर ती रीत तिकडे मागे पडली. आपण मात्र माणसांना बोनेटवर बसवतो.

आपल्या देशात पंजाब-हरियाणात दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने जोडतात आणि कोण कोणाला ओढतो ते पाहतात. त्याला टोचन म्हणतात. बंद पडलेली गाडी ओढून नेण्याला आपणही टोचन लावणे म्हणतो, तोच हा शब्द. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुरदासपूर जिल्ह्यातल्या एका गावच्या क्रीडामेळ्यात कसरती करणारा तरुण आपल्याच ट्रॅक्टरखाली सापडून सर्वांच्या डोळ्यांदेखत मरण पावला. त्यानंतर पंजाब सरकारने ट्रॅक्टरच्या जीवघेण्या कसरतींवर बंदी जाहीर केली. तरीही जून २०२४ मध्ये फगवाड्याजवळ ट्रॅक्टरच्या शर्यतीत एक ट्रॅक्टर प्रेक्षकांत घुसला आणि माणसे जखमी झाली.

आपल्या महाराष्ट्रात गावोगावच्या यात्रांत ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धा होतात. कोल्हापूर-सांगलीकडे त्या विशेष लोकप्रिय आहेत. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर आखलेल्या वाटेने मागे न्यायचा आणि कमीत कमी वेळ लावायचा. या स्पर्धेत जोरापेक्षा कसब लागते. दोर बांधून प्रेक्षक लांब ठेवले, तर त्यात फारसे वाईट नाही, असे मी डॉक्टर म्हणूनही म्हणेन. धोका आहे तो ओढीच्या पैजेत. आणि ही पैज मैदानातच लागते असे नाही. पावसाने भिजलेल्या काळ्या रानात दोन ट्रॉल्या फसल्या की तोच प्रकार रोज घडतो, मग पैज लागो वा न लागो.

ट्रॅक्टर मागे का उलटतो?

इंजिन मागची चाके फिरवते, हे सर्वांना माहीत आहे. पण चाके चिखलात रुतून जागीच अडकली तर काय होते? इंजिनचा जोर कोठे तरी जायलाच हवा. चाक फिरत नाही म्हटल्यावर तोच जोर मागच्या आसाभोवती ट्रॅक्टरचे धड फिरवू लागतो. पुढची चाके उचलतात ती अशी.

दुसरी गोष्ट साखळी कोठे लावली याची. कंपनीने ओढण्यासाठी दिलेला हुक आसाच्या खाली, जमिनीजवळ असतो. तोंड वर होऊ लागले की हा हुक आणखी खाली जातो, ओढीची पकड कमी होते आणि ट्रॅक्टर पुन्हा खाली बसण्याकडे झुकतो. पण पुष्कळ जण चाकांवर भार यावा म्हणून साखळी वर, टॉप लिंकच्या जागी किंवा थेट आसाला गुंडाळतात. तिथे प्रत्येक झटका ट्रॅक्टरला मागे खेचून पाडण्याच्या कामी येतो.

यात वेळ किती मिळतो? जास्तीत जास्त जोरात असलेला ट्रॅक्टर मागे पूर्ण उलटायला साधारण दीड सेकंद लागतो. त्यातल्या पाऊण सेकंदानंतर तो अशा टप्प्यावर पोचतो की क्लच दाबूनही उपयोग नसतो. आता माणसाचे पाहा. डोळ्याने पाहायचे, मेंदूने ओळखायचे आणि पायाने क्लच दाबायचा, एवढ्यालाच पाऊण सेकंद जातो. म्हणजे चालक कितीही पटाईत असला तरी त्याचे शरीर त्या वेगाला पुरे पडत नाही. "मी क्लचवर पाय ठेवूनच असतो," असे सांगणारे अनेक भेटतात. त्यांच्या हिमतीबद्दल मला शंका नाही, पण पायाची नस सगळ्यांची सारख्याच वेगाने चालते.

ट्रॅक्टर मागे उलटला की स्टिअरिंग आणि सीट यांच्यामध्ये छाती सापडते. तिथे उपचाराला फारसा अवसर उरत नाही. म्हणून चालकाच्या मागे-वर मजबूत पोलादी चौकट आणि कमरेला पट्टा, हाच खरा उपाय. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची केली आणि पुढच्या दशकांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे जवळजवळ थांबले. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांवर ही चौकट नाही. उन्हासाठी बसवलेले पत्र्याचे किंवा फायबरचे छत म्हणजे चौकट नव्हे, हे ध्यानात ठेवावे. आणि चौकट असून पट्टा नसेल तर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच चौकटीखाली येतो.

बदल यंत्रात, परिणाम शरीरात

पैजेसाठी ट्रॅक्टरमध्ये जे बदल करतात, त्यांची यादी कोणताही मिस्त्री सांगेल. मी त्याच यादीची दुसरी बाजू सांगतो.

पंप वाढवणे : डिझेल पंपाची सेटिंग बदलून जास्त डिझेल सोडतात. डिझेल वाढले पण त्या मानाने हवा वाढली नाही, तर ते पुरते जळत नाही. तोच काळा धूर. त्यातले काजळीचे कण इतके बारीक असतात की फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. दमेकऱ्याला त्याच रात्री धाप लागते. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. बिडी-तंबाखूचा धूर त्याच गटात आहे.

नोझल तपासताना : हा धोका फार थोड्यांना माहीत आहे. नोझलमधून डिझेलचा फवारा ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपटीहून अधिक दाबाने सुटतो. तो तपासायला बोट पुढे केले तर डिझेल कातडी भेदून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढे छिद्र, दुखणेही सुरुवातीला थोडेच. पण आत डिझेल बोटाच्या शिरांच्या वाटेने तळहातापर्यंत पसरते आणि मांस कुजू लागते. असे झाले तर त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे पोचावे. "बघू उद्या" म्हटल्याने बोट गमावलेली माणसे आहेत.

सायलेन्सर काढणे : उघड्या ट्रॅक्टरवर जोर लावताना आवाज ९० डेसिबलच्या पुढे असतोच. सायलेन्सर काढून सरळ नळी लावली की तो पुष्कळ वाढतो. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसावा, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा, असा हिशेब आहे. म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. त्यात मडगार्डवर बसवलेले मोठे स्पीकर रात्रभर चालू असतात. कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी कानात शिट्टी वाजल्यासारखे होते, मग गर्दीत बोललेले कळत नाही. तिशीतल्या तरुणाची बायको जेव्हा म्हणते, "डॉक्टर, यांना दोनदा सांगितल्याशिवाय ऐकूच येत नाही," तेव्हा दोष नेहमी स्वभावाचा नसतो.

इंजिन जास्त पळवणे : गव्हर्नरची मर्यादा मोडून फेरे वाढवले की फ्लायव्हील आणि क्लच प्लेट यांच्यावर न पेलणारा ताण येतो. तुकडे उडाले तर ते चालकाच्या पायाजवळूनच उडतात. परदेशी स्पर्धांत या भागाभोवती पोलादी आवरण आणि जाड संरक्षक पट्टा बांधल्याशिवाय जोराचे ट्रॅक्टर मैदानात उतरू देत नाहीत.

साखळी आणि दोर : ताणलेली साखळी, वायररोप किंवा नायलॉनचा दोर तुटला की साठलेला सगळा ताण एका क्षणात सुटतो. नायलॉन सर्वांत वाईट, कारण तो रबरासारखा ताणला जातो आणि टोकाला हुक असेल तर गोफणीसारखा फेकतो. चेहरा, डोळे आणि नडगी यांना हा मार बसतो. पाहणारी मुले नेमकी याच रेषेत उभी असतात.

पाठ : ट्रॅक्टरच्या सीटवरून कण्याला दर सेकंदाला साधारण दोन ते सहा हादरे बसतात. दुर्दैवाने माणसाचा कणाही याच पट्ट्यात सर्वांत जास्त हलतो. मागच्या चाकांत जादा हवा भरली, सीटची स्प्रिंग मोडलेली असली आणि मान मागे वळवून तासन्‌तास ट्रॉलीकडे पाहत राहावे लागले, की कमरेच्या शेवटच्या दोन चकत्या दबतात. त्यात तोंड उचललेला ट्रॅक्टर खाली आपटला, तर तो दणका थेट मणक्याला. असा दणका बसल्यावर पायाला मुंग्या आल्या, लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर मालीश करून घेऊ नये. सरळ रुग्णालय गाठावे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. अपघात झाला तर विम्याच्या वेळी हाच मुद्दा पुढे येतो. रुग्णालयाचे बिल आणि ट्रॅक्टरचा हप्ता मग एकाच घरावर येतात.

त्यांनी नियम केले, आपण काय करावे?

परदेशात हा खेळ सुरक्षित झाला आहे असे मी म्हणत नाही. पण तिथला जवळजवळ प्रत्येक नियम शरीराच्या एखाद्या भागासाठी केलेला आहे. डोक्यासाठी हेल्मेट आणि चौकट. कातडीसाठी आग न लागणारा पोशाख. तोंड उचलले तरी ट्रॅक्टर पूर्ण उलटू नये म्हणून मागे दोन लोखंडी टेकू. हुकाची जास्तीत जास्त उंची ठरलेली. आणि सर्वांत शहाणपणाचा नियम म्हणजे ट्रॅक्टर आणि गाडा यांच्यामध्ये एक तार असते. जोडणी तुटली की तार ओढली जाते आणि इंजिन आपोआप बंद पडते. चालकाच्या हाता-पायावर भिस्त ठेवलेलीच नाही.

आपण त्यांची ओढ तेवढी घेतली. यात्रा कमिटीच्या मंडळींना, सरपंचांना आणि तरुण मंडळांना माझे सांगणे आहे की स्पर्धा घ्यायचीच असेल तर रिव्हर्सची घ्या, नांगरटीची घ्या. सरळ तास कोण काढतो, कमी डिझेलमध्ये कोण जास्त रान नांगरतो, हे पाहा. कृषी विद्यापीठ आपल्या राहुरीतच आहे, परीक्षक म्हणून तिथल्या जाणकारांना बोलावता येईल. ओढीची पैज मात्र चौकट, पट्टा, खालचा हुक आणि इंजिन बंद करणारी सोय यांच्यावाचून लावू देऊ नका.

अपघात झालाच तर

१. आधी इंजिन बंद करा. उलटलेला ट्रॅक्टर पुन्हा घसरू नये म्हणून चाकांना दगड किंवा ओंडके लावा. डिझेल सांडले असेल तर बिडी-काडी लांब ठेवा.

२. १०८ ला फोन करा. शेताकडे येणारा शिवरस्ता दाखवायला एक माणूस डांबरी रस्त्यावर उभा करा. नुसत्या या एका गोष्टीने दहा-पंधरा मिनिटे वाचतात.

३. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून घट्ट दाबून धरा. हळद, माती, डिझेल काहीही लावू नका.

४. हात-पाय धरून ओढू नका. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चार जणांनी मिळून फळीवर घ्या. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून कधीही नेऊ नका.

५. माणूस ट्रॅक्टरखाली अडकून बराच वेळ गेला असेल, तर किती वाजल्यापासून अडकला ते रुग्णवाहिकेच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. दबलेल्या मांसातले विषारी द्रव्य दाब सुटल्यावर एकदम रक्तात येते, हृदयाची गती बिघडते आणि मूत्रपिंडे बंद पडतात. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखालून सुखरूप काढलेली माणसे काही दिवसांनी दगावत, त्यावरून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी हा विकार ओळखला. सलाइन वेळेवर सुरू झाले तर यातून माणूस वाचतो. पुढे लघवी काळ्या चहासारखी झाली तर ते याचेच लक्षण.

६. तोंडाने पाणी किंवा चहा देऊ नका. शस्त्रक्रिया लागू शकते.

७. मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती सोडा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

आणि आठवी गोष्ट, जी मी त्या तरुणाकडून शिकलो. मुका मार हा शब्द जपून वापरा. पोटाला किंवा बरगड्यांना जोराचा मार लागल्यावर माणूस चालतो-बोलतो म्हणून निर्धास्त राहू नका. पोट फुगणे, घाम येणे, तहान लागणे, चक्कर येणे, खांदा विनाकारण दुखणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच घटकेला डॉक्टरकडे न्या आणि मार कशाने लागला ते खरे सांगा. पैजेची लाज वाटून "घसरून पडलो" सांगितले, तर डॉक्टर चुकीच्या जागी शोधत बसतो.

तो तरुण दोन महिन्यांनी पुन्हा आला. प्लीहा काढलेल्या माणसाची जंतूंशी झुंजण्याची शक्ती कमी होते. त्यामुळे न्यूमोनिया, मेंदूज्वर यांच्या लशी घ्याव्या लागतात आणि साधा तापही अंगावर काढता येत नाही. ते समजावून सांगत होतो, तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर, पैज आता नाही. पण ट्रॅक्टर फसतोच ना. हप्ता आहे, खेप चुकली तर भागत नाही."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी त्याला जे सांगितले तेच इथे लिहितो. फसलेल्या दोन ट्रॉल्या एकदम ओढू नकोस. मागची सोड, एक-एक काढ. नाहीच निघाली तर थोडा ऊस उतरव. चाकापुढची माती खोरून काढ, पाचट किंवा फळ्या घाल. पुढे जात नसेल तर आधी मागे घेऊन पाहा. साखळी लांब घे आणि खालच्या हुकालाच लाव. झटका देऊ नकोस. साखळीच्या दुप्पट अंतरात माणूस नको आणि बोनेटवर तर कोणीच नको. वजन हवे असेल तर कंपनीची लोखंडी वजने पुढे लाव.

"यात अर्धा तास जातो, डॉक्टर," तो म्हणाला.

मी म्हटले, "जाऊ दे. तुझे गेल्या हंगामाचे दोन महिने गेले."

तो हसला, लशींची चिठ्ठी खिशात घातली आणि निघाला. दारात त्याचा चुलता उभा होता. त्याने विचारले, "डॉक्टर, माझाही एक कान हल्ली वाजतो. काही करता येईल का?"

त्याला आत बोलावले. कान तपासला आणि आधी विचारले, "सायलेन्सर कुठे आहे?"

"पडवीत पडलाय," तो म्हणाला.

आपल्या पडवीतही पडला असेल, तर या आठवड्यात बसवून घ्या.